1/35 चा रणगाडा: किट, रंग आणि चिखल यांची पार्श्वभूमी

रणगाड्याचे प्लास्टिक किट हाती घेतले की कामाचा एक ठरलेला क्रमही सोबत येतो. आधी प्रायमर (रंग धरावा म्हणून तळाचा थर), मग मूळ रंग, त्यावर चकचकीत क्लिअर (पारदर्शक थर), डिकल (चिकटवायची चिन्हे), वॉश (खाचांत सोडलेला पातळ गडद रंग), चिपिंग (रंग उडाल्याचा देखावा) आणि शेवटी पिगमेंट (धूळ-मातीसाठी रंगीत भुकटी). हा क्रम कुणी बसून ठरवलेला नाही. त्यातली जवळजवळ प्रत्येक पायरी जुन्या किटमधल्या एखाद्या उणिवेवर किंवा त्या काळच्या रंगांमधल्या अडचणीवर उपाय म्हणून आली आहे. ती अडचण काय होती हे माहीत असले, की समोरच्या मॉडेलला ती पायरी हवी की नको हे ठरवणे सोपे जाते.

प्लास्टिक किटची सुरुवात रणगाड्यांनी झाली नाही, विमानांनी झाली. ब्रिटनमध्ये 1936 साली फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ नावाने 1/72 स्केलची, म्हणजे खऱ्याच्या 72 पट लहान, विमाने काढली. ती सेल्युलोज ॲसिटेटची होती आणि कालांतराने वाकडी होत. महायुद्धानंतर पॉलिस्टायरिन आले आणि चित्र बदलले. हे प्लास्टिक आकार सोडत नाही, ब्लेडने स्वच्छ कापले जाते आणि पातळ सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा द्रव) लावले की जोडाच्या दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. आजही चांगल्या सांध्याची खूण हीच आहे. दाबल्यावर वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर यायला हवी. ती चोवीस तास तशीच ठेवावी आणि मगच घासावी. घाईने घासले तर आतले प्लास्टिक अजून मऊ असते, ते पुढे आकसते आणि रंगानंतर सांध्याची रेघ पुन्हा दिसू लागते.

1950 च्या दशकात अमेरिकेत रेव्हेलने 1/40 चे, रेनवॉलने 1/32 चे रणगाडे काढले. एअरफिक्स 1961 पासून 1/76 मध्ये उतरली. यांपैकी 1/76 चे गणित सरळ आहे, कारण खेळण्यातल्या रेल्वेच्या मापाप्रमाणे चार मिलिमीटरला एक फूट असा तो हिशेब आहे. विमानांच्या 1/72 मध्ये एका इंचाला सहा फूट बसतात आणि 1/48 मध्ये पाव इंचाला एक फूट. 1/35 मात्र फूट-इंचाच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही.

दोन बॅटऱ्यांनी ठरवलेले स्केल

जपानमधल्या शिझुओका शहरात 1946 साली योशिओ तामिया यांनी लाकडाचा व्यवसाय सुरू केला. त्यातूनच पुढे लाकडी मॉडेले निघाली. 1960 मध्ये कंपनीने ‘यामातो’ या युद्धनौकेचे आपले पहिले प्लास्टिक किट आणले, पण ते चालले नाही. त्यानंतर 1961-62 च्या सुमारास मोटरवर चालणारा जर्मन पँथर आला. त्याच्या खोक्यावरचे चित्र शिगेरू कोमात्सुझाकी यांनी काढले होते. तो रणगाडा खपला आणि कंपनी सावरली. त्याच मापात इतर देशांचे रणगाडे काढायचे ठरले तेव्हा योशिओ यांचे पुत्र शुनसाकू तामिया यांनी पँथर मोजून पाहिला आणि प्रमाण साधारण 1/35 निघाले. मुळात आत दोन बॅटऱ्या मावाव्यात एवढ्यासाठीच तो आकार घेतला होता. आज जगभरातल्या बहुतेक रणगाडा-किटांचे स्केल त्या बॅटऱ्यांनी ठरवले आहे.

1968 मध्ये तामियाची ‘मिलिटरी मिनिएचर’ मालिका सुरू झाली आणि तिची पहिली वस्तू होती जर्मन रणगाडा-सैनिकांचा संच. ही निवड महत्त्वाची ठरली. या स्केलमध्ये 175 सेंटिमीटर उंचीचा माणूस बरोबर 5 सेंटिमीटरचा होतो. चेहरा रंगवता येईल इतका मोठा आणि टेबलावर अख्खा देखावा मावेल इतका लहान. रणगाड्याभोवती माणसे, पडक्या भिंती, रस्ते उभे राहू लागले ते यामुळेच.

मोटर मात्र पुढची कित्येक वर्षे त्रास देत राहिली. गिअरबॉक्स बसावा म्हणून कित्येक जुन्या किटांचा हल (रणगाड्याचा खालचा मुख्य सांगाडा) खऱ्या प्रमाणापेक्षा रुंद केलेला असतो आणि त्याच्या तळाला स्विच व स्क्रूसाठी भोके असतात. हेच साचे अजूनही बाजारात येतात, म्हणून भोके बुजवण्याची रीत माहीत हवी. फक्त पुट्टी भरली तर तिच्यातला द्रव उडून जातो, ती खाली बसते आणि काही आठवड्यांनी रंगाखाली खळगा किंवा तडा दिसतो. त्यासाठी 1 मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटचा तुकडा भोकापेक्षा थोडा मोठा कापून आतून चिकटवावा. भोकाच्या आकाराचा दुसरा तुकडा बाहेरून बसवावा आणि पुट्टी फक्त कडेच्या फटीत भरावी. ट्रॅकच्या (चाकांवरून फिरणाऱ्या कड्यांच्या पट्ट्याच्या) वरच्या बाजूला, हलचा जो भाग बाहेर आलेला असतो, त्याचा तळ जुन्या किटांत उघडाच असतो. तिथे 0.5 मिलिमीटरची शीट लावायला विसरू नये. नाहीतर झडप उघडी ठेवली की ट्रॅकच्या बाजूने उजेड आत येतो आणि सगळा वजनदारपणा जातो.

1970 च्या दशकात इटालेरीसारख्या युरोपीय कंपन्याही 1/35 कडे वळल्या, तर बांदाईने 1/48 मध्ये आतल्या भागासकट रणगाडे काढले. 1987 मध्ये हाँगकाँगला ड्रॅगन ही कंपनी सुरू झाली. बाजूने सरकणाऱ्या साच्यांचे तंत्र तिने पुढे खूप वापरले आणि तोफेची नळी एकसंध, पुढून पोकळ मिळू लागली. त्याआधी नळी दोन अर्ध्या भागांची असे. सांधा घासता घासता ती अंडाकृती होई, म्हणून तर लेथवर कातलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या वेगळ्या विकल्या जाऊ लागल्या. एकसंध नळी किटमध्येच असेल तर धातूच्या नळीवर पैसे घालण्याचे कारण सहसा उरत नाही.

पत्रा, कड्या आणि झिमेरिट

फोटोएच म्हणजे कोरीव पितळी पत्रा का आला, हे एका गुणाकारात कळते. साच्यातून निघालेला प्लास्टिकचा मडगार्ड साधारण 0.8 मिलिमीटर जाड असतो. 35 ने गुणले की 28 मिलिमीटर होतात, म्हणजे मडगार्ड नव्हे, चिलखतच. खरा मडगार्ड दोन-तीन मिलिमीटरचा पत्रा असतो. 0.15 मिलिमीटरचे पितळ 35 पट केले तर पाच मिलिमीटरच्या आसपास जाते, तेही थोडे जाडच, पण डोळ्याला पटते. म्हणून पितळ लावायचे ते मडगार्ड, अवजारांच्या पट्ट्या, इंजिनाच्या जाळ्या अशा पातळ पत्र्याच्या जागी. जाड ओतीव भागांना प्लास्टिकच बरे. चेक प्रजासत्ताकातली एडुआर्ड 1989 पासून आणि पोलंडची आबेर या कंपन्या या कामात आहेत. वाकवण्याआधी पितळ ज्योतीवर तांबूस होईपर्यंत तापवून गार होऊ दिले की मऊ पडते आणि गोल वळणे सुबक येतात. सरळ कडक घडी हवी असेल तर मात्र तापवू नये.

ट्रॅकची गोष्ट रसायनाची आहे. जुन्या किटांतले रबरी पट्टे मऊ व्हिनाइलचे असत आणि टोकांच्या खुंट्या तापलेल्या स्क्रूड्रायव्हरने दाबून जोडायच्या. व्हिनाइल मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे बाहेर झिरपते आणि पॉलिस्टायरिनला खाते. त्यामुळे कपाटातल्या जुन्या मॉडेलची चाके पट्ट्यापाशी वितळलेली आढळतात. चाकांवर रंगाचा पूर्ण थर असला तर हे लांबते, पण टळेलच असे नाही. शिवाय हा पट्टा ताठ राहतो, आणि टायगर किंवा पँथरचा जड ट्रॅक चाकांच्या माथ्यावर टेकून झोळ खाल्लेला दिसायला हवा.

म्हणून सुट्या कड्या आल्या. टायगर-1 च्या एका बाजूला 96 कड्या, दोन्ही मिळून 192. प्रत्येक कडीवर साच्याच्या दोन खुणा असल्या तर 384 ठिकाणी घासणे आले. हे काम मन लावून करण्यासारखे आहे, कारण ट्रॅकवर नजर पहिली जाते. कड्या सरळ पट्टीच्या कडेला लावून पातळ सिमेंटने जोडाव्यात. वीस-तीस मिनिटांनी सांधे धरतात, पण अजून वाकतात. तेव्हाच पट्टा चाकांवर चढवून स्पंजचे तुकडे खोचून झोळ द्यावा. उशीर झाला की कड्या तुटतात आणि घाई केली की रांग वाकडी होते. हंगेरीच्या फ्रिउलमॉडेलच्या धातूच्या कड्या तारेने ओवल्या जातात आणि स्वतःच्या वजनाने आपोआप झोळ घेतात. वजनदार ट्रॅकसाठी त्यांना तोड नाही.

झिमेरिटचा मोह अनेकांना होतो. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन कारखान्यांत हा लेप 1943 च्या उत्तरार्धापासून 1944 च्या सप्टेंबरपर्यंत लावला गेला. म्हणजे 1943 च्या वसंतातल्या ट्युनिशियातल्या टायगरवर तो असूच शकत नाही. लेपाच्या जाडीवर बहुतेक जण घसरतात. खरा लेप काही मिलिमीटरचा, म्हणजे 1/35 मध्ये साधारण 0.1 मिलिमीटर. इपॉक्सी पुट्टी अंगठ्याने पसरली की ती सहज 0.5 मिलिमीटरच्या पुढे जाते आणि रणगाड्यावर गालिचा अंथरल्यासारखे दिसते. पुट्टी टाल्कम पावडर लावून पातळ लाटावी, पृष्ठभागावर दाबून बसवावी आणि ओल्या ब्लेडच्या टोकाने रेघा ओढाव्यात. ब्लेड कोरडे असेल तर पुट्टी उचलून येते.

सावली रंगवण्यापासून माती टाकण्यापर्यंत

सुरुवातीच्या काळात रंग म्हणजे छोट्या डब्यांतले इनॅमल, ब्रशने लावलेले, सगळीकडे एकसारखे. एवढ्याशा बोल्टची सावली खोलीतल्या प्रकाशात पडत नाही, त्यामुळे मॉडेल सपाट दिसे. त्यावर दोन उपाय निघाले. खाचांत गडद पातळ रंग सोडायचा तो वॉश, आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने कडा उजळायच्या ते ड्राय ब्रशिंग. अमेरिकेत शेपर्ड पेन यांनी 1970 च्या दशकात मोनोग्रामच्या किटांसोबत येणाऱ्या पत्रकांतून देखाव्यांची कला घरोघरी पोचवली. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांची वॉश आणि ड्राय ब्रशची शैली पुढे जगभर गाजली. साच्यातले बारकावे तेव्हा बोथट असत, म्हणून कडा जोरात उजळणे योग्यच होते. आजच्या धारदार साच्यावर तेवढाच जोर लावला तर रणगाडा पिठात लोळल्यासारखा दिसतो. ट्रॅकच्या दातांवर आणि अवजारांच्या पोलादावर ड्राय ब्रश अजूनही उत्तम चालतो.

वॉशच्या दोन चुका नेहमीच्या. मॅट रंगावर सोडला तर तो पसरतो आणि वाळताना कडेला डाग धरतो. म्हणूनच आधी चकचकीत क्लिअर. त्यावर बोल्टच्या बुडाशी ब्रशचे टोक टेकवले की रंग आपोआप खाचेतून धावतो. दुसरी चूक जास्त महागात पडते. वॉश पातळ करणारे व्हाइट स्पिरिट चाकांच्या घट्ट बसवलेल्या दांड्यांभोवती साचले की ताणाखाली असलेले पॉलिस्टायरिन तडकते आणि चाक हातात येते. तिथे वॉश थोडा घ्यावा आणि जादाचा लगेच टिपून काढावा.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) आणि ॲक्रिलिकने रंग गुळगुळीत झाला आणि नवी अडचण उभी राहिली. सगळे पृष्ठभाग एका छटेचे. 2000 नंतर स्पेनच्या मिग हिमेनेझ यांच्यासारख्या मॉडेलकारांनी फिल्टर (मूळ रंगाची छटा हलकेच बदलणारा अतिपातळ थर) आणि तयार पिगमेंट लोकप्रिय केले. फिल्टरमध्ये रंग जेमतेम 5 ते 10 टक्के, बाकी थिनर. ब्रश टिपून मगच फिरवायचा, कुठेही थेंब साचू द्यायचा नाही. मूर्ती रंगवणाऱ्यांची वरून पडणाऱ्या प्रकाशाची पद्धतही याच काळात रणगाड्यांवर आली. छायाचित्रात ती फार देखणी दिसते. हातात घेतलेल्या मॉडेलवर मात्र खोलीचा प्रकाश दुसऱ्या बाजूने येतो आणि रंगवलेला प्रकाश त्याच्याशी भांडतो, त्यामुळे ती बेताने वापरलेली बरी.

चिपिंगसाठी केसांचा स्प्रे सर्रास वापरात आला आणि पूर्वीची एकेक ओरखडा ब्रशने काढण्याची सक्ती संपली. तळाला लाल-तपकिरी प्रायमरचा रंग द्यायचा आणि त्यावर संरक्षक क्लिअर. तो सुकल्यावर स्प्रेचे दोन पातळ थर, आणि वर पाण्याने पातळ केलेला ॲक्रिलिक. अर्ध्या तासाने एका मडगार्डपुरते पाणी लावून मिनिटभर थांबावे. आखूड ताठ ब्रश हलकेच फिरवला की आधी कडेचा रंग निघतो, मग जिथे सैनिकांचे बूट पडतात ती जागा. वरचा रंग लॅकर थिनरने पातळ केला असेल तर तो स्प्रेच्या थरात रुततो आणि सुटत नाही. स्प्रे जाड झाला तर रंगाला भेगा पडतात किंवा पापुद्रेच्या पापुद्रे निघतात.

किती झीज दाखवायची, याचे उत्तर इतिहासात शोधावे. 1943 च्या फेब्रुवारीत जर्मन सैन्याने गडद करड्याऐवजी गडद पिवळा हा मूळ रंग ठरवला. हिरवा आणि लाल-तपकिरी रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकड्यांकडे जात आणि तिथे पाणी किंवा पेट्रोल घालून पातळ केले जात. त्यामुळे एकाच तुकडीतले दोन रणगाडे वेगळ्या छटांचे असणे स्वाभाविक होते, आणि डबीवरच्या ‘अचूक’ छटेवरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. आघाडीवरचे बरेच रणगाडे काही महिन्यांतच नष्ट झाले. तेवढ्यात चिलखताला खोल गंज धरत नाही. नारिंगी गंज सायलेन्सरवर आणि ट्रॅकवर शोभतो, टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) बाजूवर नाही.

पिगमेंटच्या आधी पेस्टल खडू खरवडून धूळ केली जाई. तयार पिगमेंट अधिक बारीक असते आणि चांगले धरते. चिखलासाठी त्यात थोडे प्लास्टर मिसळून ॲक्रिलिक माध्यमाने लावावे. धुळीसाठी कोरडे टाकून कडेला व्हाइट स्पिरिटचा थेंब सोडावा. ओले असताना ते खूप गडद दिसते म्हणून वर आणखी टाकण्याचा मोह होतो, पण वाळल्यावर मूळ छटा परत येते. दोन-तीन तास थांबून मगच ठरवावे.

गेल्या काही वर्षांत मेंग, ताकोम, राय फील्ड या कंपन्यांची आतल्या भागासकट किटे आली आणि 3डी प्रिंट केलेले ट्रॅकही मिळू लागले. रेझिनच्या या कड्यांना पॉलिस्टायरिनचे सिमेंट लागत नाही, सायनोॲक्रिलेट लागते. न सुकलेल्या रेझिनचा चिकट थर राहिला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतल्याशिवाय रंगही धरत नाही. प्रिंट करताना आधाराला आलेल्या काड्या ओढून तोडल्या तर कडीला खळगा पडतो, त्या कटरने थोड्या वर कापून उरलेला भाग घासावा.