बाणगंगा (वाळकेश्वर)

मुंबईतील मलबार हिलच्या दक्षिण उतारावरील गोड्या पाण्याचा देवस्थानी तलाव. वाळकेश्वर रस्त्याची वर्दळ सोडून पायऱ्या उतरल्या की आयताकृती कुंड, चारही बाजूंचा दगडी घाट आणि भोवतीची परिक्रमेची वाट लागते. वाटेवर देवळे, धर्मशाळा, दीपस्तंभ, समाध्या व मठ आहेत. वरच्या उंच इमारतींतून राहणाऱ्या अनेकांची पावले इकडे क्वचितच वळतात.

सीतेच्या शोधात निघालेल्या रामाची तहान भागवण्यासाठी लक्ष्मणाने बाण मारला व पाताळातून गंगा प्रकटली, अशी कथा प्रचलित आहे. काही जण हा बाण परशुरामाचा मानतात.

ऐतिहासिक उगमाबाबत एकवाक्यता नाही. तलाव ठाण्याच्या शिलाहारांच्या पदरी असलेल्या लक्ष्मण प्रभू या मंत्र्याने इ. स. ११२७ मध्ये बांधला, असे बहुतेक लेखनात आढळते. हे वर्ष पहिला अपरादित्य या शिलाहार राजाच्या राजवटीशी जुळते. मात्र मलबार पॉइंट या टेकडीच्या टोकाकडील परिसरातील जुन्या वाळकेश्वर मंदिराच्या कोरीव शिळा गॅझेटिअरकारांनी (इंग्रजी अमलातील सरकारी माहितीग्रंथांच्या लेखकांनी) साधारण दहाव्या शतकातील मानल्या होत्या. मंदिर आधीचे आणि तलावाचे बांधकाम नंतरचे असे धरल्यास दोन्ही मतांचा मेळ बसू शकतो. तरीही नेमक्या वर्षापेक्षा ‘शिलाहारकालीन’ एवढेच म्हणणे अधिक सावधपणाचे ठरेल. मूळ मंदिर पोर्तुगीज अमलात नष्ट झाले असावे.

१७१५ च्या सुमाराचा जीर्णोद्धार तुलनेने भरवशाचा आहे. तो गौड सारस्वत व्यापारी रामा कामत याच्या देणगीतून झाला. याच कामतावर १७२० मध्ये कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून इंग्रजांनी त्याला कैदेत टाकले व मालमत्ता जप्त केली. त्याच्याविरुद्धचा पुरावा बनावट होता, असे अनेक अभ्यासक मानतात.

समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पाणी खारट नाही, कारण तलाव जिवंत झऱ्यावर भरतो. टेकडीवर पडणारे पावसाचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपून तेथे येत असावे. टेकडीचा माथा बांधकामांनी झाकला गेल्याने या झिरप्यावर काय परिणाम झाला, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पितृपक्षात, विशेषतः सर्वपित्री अमावास्येला, घाटावर श्राद्धविधींसाठी गर्दी होते. हे स्थळ राज्य संरक्षित स्मारक आहे. २०२४ मध्ये गाळ काढण्यासाठी यंत्र उतरवताना काही पायऱ्यांची मोडतोड झाली.