प्रेशर की सक्शन? गालिचा धुण्याच्या मशीनमध्ये पैसे नेमके कशावर घालायचे

श्रावण लागला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सोफे-गालिचे धुणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. गणपती बसायच्या आत बैठक स्वच्छ हवी असते, आणि प्रत्येक घरातली काकू एकच प्रश्न विचारते : "तोवर वाळेल ना?" याच दिवसांत काम करणाऱ्याच्या मनात येतं की आता जास्त पॉवरची मशीन घेऊनच टाकावी.

घ्यायला हरकत नाही. पण या मशीनमध्ये दोन वेगवेगळ्या ताकदी असतात आणि दुकानात दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात. एक पंपाची, जी पाणी गालिच्यात मारते. तिला आपण प्रेशर म्हणतो. दुसरी व्हॅक्यूम मोटरची, जी तेच पाणी मळासकट परत ओढते. ते सक्शन. पैसे पहिलीवर घातले तर गालिचा जास्त भिजतो, दुसरीवर घातले तर लवकर वाळतो. इतका साधा फरक असूनही नवीन मशीन घेणारे बहुतेक जण आधी प्रेशरचा आकडा विचारतात.

कारण तो आकडा मोठा दिसतो. कॅटलॉगमध्ये ५०० पीएसआय (हे दाबाचं माप) लिहिलेलं असतं आणि शेजारी सक्शन म्हणून "२२० मिलिबार" असं काहीतरी बारीक अक्षरात असतं. दोन्ही एकाच मापात आणून बघा. १०० पीएसआय म्हणजे साधारण ७० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब, ५०० म्हणजे ३५० मीटरचा. २२० मिलिबारचं सक्शन म्हणजे जेमतेम सव्वादोन मीटर. मग सक्शन फालतू आहे का? अजिबात नाही. दाब वाढवायला निसर्गाने वरची मर्यादा घातलेली नाही. पंप मजबूत केला की आकडा चढतो. सक्शनला मात्र छप्पर आहे. आपण पाणी ओढतो म्हणतो तेव्हा खरं काम बाहेरची हवा करते, आत हवा कमी झाल्यामुळे तीच पाण्याला ढकलते. म्हणून समुद्रसपाटीला कितीही भारी मोटर लावा, साधारण १०.३ मीटरच्या पुढे पाणी ओढलं जाणार नाही. ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच, म्हणजे आपल्याकडे त्याहून थोडं कमीच. त्यामुळे सक्शनमध्ये दोन मीटरचे तीन मीटर होणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिची किंमतही तशीच असते. प्रेशरचा आकडा दुप्पट करून छापणं त्यामानाने स्वस्तात जमतं.

प्रेशरचं काम एवढंच की साबणाचं किंवा साधं पाणी लोकरीच्या टोकाशी न थांबता मुळापर्यंत पोचावं. त्यासाठी लोकरीच्या गालिच्याला ७-८ बार, म्हणजे शंभर-सव्वाशे पीएसआय पुरतात. सोफ्यासाठीच्या छोट्या प्रोफेशनल मशीन तर एक-दोन बारवरच चालतात आणि उत्तम काम देतात. यापुढे दाब वाढवला की काय होतं? त्याच नोझलमधून दाब चौपट केला तर पाणी दुप्पट पडतं. मळ दुप्पट सुटेल याची खात्री नाही, पण पाणी नक्की दुप्पट पडतं, आणि ते सगळं परत ओढायची जबाबदारी त्याच जुन्या मोटरवर येते. नुसता पंप बदलून मशीन "पॉवरफुल" करणाऱ्यांच्या गिऱ्हाइकांना तिसऱ्या दिवशी कुबट वास का येतो, याचं उत्तर इथे आहे.

हा वाद नवा नाही. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र जोरात हवा मारून धूळ उडवायचं. बूथने विचारलं की फुंकण्याऐवजी धूळ ओढून का घेत नाही? मग त्याने हॉटेलातल्या गादीच्या खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली. रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ चिकटली होती. त्यातून व्हॅक्यूम क्लीनर जन्मला आणि १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याच्या यंत्राने साफ झाले. गालिच्याच्या सफाईत मळ हलवणं सोपं असतं, तो गालिच्यातून बाहेर काढणं हे खरं काम असतं. बूथने ते त्या खुर्चीवर दाखवलं आणि मला वाटतं आजही मशीन घेताना तेच पाहावं.

आता सक्शनच्या पोटातली आणखी एक जोडी, जिच्यात जाणतेही फसतात. सक्शनचे आकडे दोन असतात : ओढ किती खोल (वॉटर लिफ्ट) आणि हवा किती वाहते (सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, किंवा लिटर प्रति सेकंद). स्ट्रॉने घट्ट लस्सी ओढताना गाल आत जातात पण तोंडात फारसं काही येत नाही, ती नुसती ओढ. त्याच स्ट्रॉने मोकळी हवा ओढली तर भरपूर येते पण जोर लागत नाही, तो नुसता प्रवाह. मशीनचंही तसंच. पाइपचं तोंड पूर्ण बंद केलं की ओढ सर्वांत जास्त आणि प्रवाह शून्य, तोंड मोकळं सोडलं की प्रवाह सर्वांत जास्त आणि ओढ जवळजवळ शून्य. कॅटलॉगमध्ये हे दोन्ही कमाल आकडे शेजारी-शेजारी छापतात, पण ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. गालिच्यावर काम या दोघांच्या मधे कुठेतरी चालतं.

दोन मोटरच्या मशीनमध्ये हे स्पष्ट दिसतं. मोटरी एकामागे एक जोडल्या तर ओढ वाढते, शेजारी-शेजारी जोडल्या तर प्रवाह वाढतो. लांब पाइप लावून दुसऱ्या मजल्यावर काम करायचं असेल तर ओढ कामाला येते. तळमजल्यावर, छोट्या पाइपने, जाड लोकरीतून पाणी खेचायचं असेल तर प्रवाह हवा, कारण धाग्यांना चिकटलेलं पाणी वेगाने जाणारी हवाच सोबत नेते. विक्रेत्याला विचारा की मोटरी कशा जोडल्यात. उत्तर आलं नाही तर त्याला ती मशीन माहीत नाही.

वॅटवरही जाऊ नका. मोटर वीज किती खाते हे वॅट सांगतात, गालिच्यातून पाणी किती ओढते हे सांगत नाहीत. युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथली घरं स्वच्छ राहतात. वॅट बघायचे ते आपल्या वायरिंगसाठी. ६ अँपियरच्या प्लगवर २३० व्होल्टला १३८० वॅटच्या पुढे जाता येत नाही, १६ अँपियरवर ३६८० वॅट. दोन मोटरी, पंप आणि वर हीटर असलेली मशीन दौलतगंजातल्या जुन्या वाड्यात लावली तर एमसीबी पडणारच. आणि व्होल्टेज खाली गेलं की मोटरचा वेग पडतो, म्हणजे सक्शनही पडतं. गिऱ्हाइकाच्या घरी जी वीज आहे तीच तुमच्या मशीनची खरी ताकद.

ग्वाल्हेरमध्ये हा सगळा विचार जास्तच करायला हवा, कारण इथले गालिचे. हाताने गाठी मारून विणलेल्या ग्वाल्हेरी गालिच्याला २०२३ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. जयविलास महालाच्या दरबार हॉलमधला गालिचाही इथल्या कैद्यांनी विणल्याचं सांगतात. असे लहान-मोठे गालिचे लष्करातल्या कितीतरी मराठी घरांत आजोबांच्या काळापासून पसरलेले आहेत. वर लोकर आणि खाली सुताचा ताणाबाणा. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओल पोटात ठेवू शकते, तरी हाताला ओली लागत नाही. खालचं सूत मात्र भिजलं की आटतं, आणि हळू वाळलं तर त्यातला तपकिरी रंग वर चढून पिवळट डाग पडतात. लाल आणि निळा रंग फुटण्याची भीती वेगळीच. अशा गालिच्यावर जास्त प्रेशर म्हणजे सुतापर्यंत पाणी नेण्याची हमी. मी तर म्हणेन की याला आधी पांढरं ओलं फडकं दाबून रंग तपासावा, लोकरीला चालणारा सौम्य साबण घ्यावा, पाणी कमीत कमी सोडावं आणि सगळा भर सक्शनवर ठेवावा. मागे कापड चिकटवलेला टफ्टेड गालिचा असेल तर तीच काळजी वेगळ्या कारणाने, त्याचा लॅटेक्सचा थर पाण्याने सुटतो.

जास्त प्रेशर लागतं अशीही कामं आहेत. मॅरेज गार्डनमधले हिरवे सिंथेटिक कार्पेट, टाइल्सच्या फटी, अंगणात पसरून धुवायच्या प्लॅस्टिकच्या चटया. पण त्यासाठी गाडी धुण्याचा शंभरेक बारचा प्रेशर वॉशर आणि उतार असलेली फरशी पुरते. तिथे पाणी ओढायचंच नसतं, वाहून जाऊ द्यायचं असतं. तो धंदा चांगला आहे, फक्त ती मशीन बैठकीत नेऊ नये.

मग मोठी मशीन घ्यायची की नाही? आधी आहे ती मशीन मोजा. टाकीत १० लिटर पाणी भरा, नेहमीसारखा गालिचा धुवा, ओढलेलं मळकं पाणी ज्या टाकीत जमतं तिच्यातलं पाणी बादलीत ओतून मोजा. आठ-नऊ लिटर परत आलं तर तुमचं सक्शन ठीक आहे आणि दिरंगाई दुसरीकडे आहे. पाच-सहाच आलं तर उरलेलं गिऱ्हाइकाच्या घरी राहिलं. अशा वेळीही लगेच दुकानात जाऊ नये. झाकणाचं रबर, पाइपची चीर, तुंबलेला फिल्टर आणि नोझलच्या ओठावर चिकटलेले केस तपासावेत. पाइप ३८ मिलिमीटरचा असेल आणि मशीनला ५० चा बसत असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ पावणेदोन पट होतं, आणि पाइप मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त असतो. लांबीही गरजेपुरतीच ठेवा. पाणी मारत एकदा ओढलं की ट्रिगर सोडून त्याच पट्ट्यावरून दोनदा कोरडं ओढावं. घाईत हेच पहिलं सुटतं.

डाग जात नाहीत ही तक्रार असेल तर तिचा ताकदीशी संबंध आणखी कमी आहे. आधी कोरडी धूळ नीट काढली का, साबणाला भिजायला दहा मिनिटं दिली का, ब्रश फिरवला का, पाणी कोमट होतं का, बोअरचं जड पाणी वापरलं का, हे बघावं. साबण गालिच्यात राहिला तर तो नवी धूळ धरून ठेवतो आणि महिन्याभरात गालिचा पुन्हा काळवंडतो. तोही शेवटी सक्शनचाच प्रश्न.

ऋतूचाही हिशोब धरा. मे महिन्यात लू वाहत असते, पारा ४५ ला टेकतो, तेव्हा कमजोर मशीनने धुतलेला गालिचाही संध्याकाळपर्यंत खडखडीत होतो. तेव्हा घेतलेला डेमो काहीच सांगत नाही. श्रावणात हवेत ओल असताना किंवा जानेवारीच्या धुक्यात तोच गालिचा दोन दिवस दमट राहतो, आणि एवढ्या ओलीत बुरशी धरू लागते.

हे सगळं करूनही हंगामात वाळवण्याच्या वेळेपायी कामं परत जात असतील, तर मोठी मशीन जरूर घ्या आणि पैसे सक्शनवर घाला. दोन मोटरी, रुंद पाइप आणि दाब कमी-जास्त करता येणारा पंप, तोही कमीत कमी किती बारपर्यंत उतरतो ते पाहून. मदतीला माणूस नाही म्हणून कामं जात असतील तर मशीनने ती परत येणार नाहीत. डेमो पावसाळ्यात मागा, तुमच्याच पाइपच्या लांबीने, गिऱ्हाइकाकडे असतो तशा प्लगवर, जाड लोकरीच्या तुकड्यावर, आणि बादली सोबत घेऊन जा.