भिंतीचं ओझं उतरवणारी इमारत

पॅरिसच्या रू फ्रँकलिन या रस्त्यावर २५ बिस क्रमांकाची एक रहिवासी इमारत आहे. ऑग्युस्त पेरे या वास्तुविशारदाने ती १९०३-०४मध्ये उभारली. समोरून बघणाऱ्याचे डोळे नक्षीदार टाइल्सवर खिळतात, पण खरी गंमत आतल्या आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, सांगाड्यात आहे. राहत्या घरांसाठी असा सांगाडा उभारणं त्या काळी धाडसच होतं.

पारंपरिक बांधकामात उंच इमारत म्हणजे जाड भिंत. सगळ्या मजल्यांचं वजन शेवटी तळाच्या भिंतीवर यायचं, त्यामुळे मजले चढवावेत तशी ती रुंद होत जायची. शिकागोच्या १६ मजली मोनॅडनॉक इमारतीत (१८९१) ती जवळपास १.८ मीटर झाली!

यावर उपाय म्हणजे वजन भिंतीऐवजी काँक्रीटच्या कॉलम-बीमवर टाकणं. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र फारसा सोसत नाही. ताणाला त्याची ताकद साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. दोन कॉलमवर टेकलेल्या बीमवर वजन आलं की तो किंचित वाकतो. त्याची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधोमध खालून तडा जातो. म्हणून तिथे सळ्या घालतात. तापमान बदललं की पोलाद आणि काँक्रीट जवळजवळ सारख्याच प्रमाणात फुगतात-आकसतात, हे आपलं नशीबच म्हणायचं. नाहीतर दोघांची एकमेकांवरची पकड कधीच सुटली असती. फ्रेंच बांधकाम व्यावसायिक फ्रान्स्वा एनेबिकने कॉलम, बीम आणि स्लॅब एकसंध ओतायच्या पद्धतीचं पेटंट १८९२मध्येच घेतलं होतं.

वजन कॉलमांकडे गेलं आणि भिंत मोकळी झाली. पेरेने याचा फायदा प्लॅनमध्ये पुरेपूर उठवला. प्लॉट लहान, रस्त्यापासून आत फारसा न जाणारा. मागे चौक सोडला असता तर घरं कोंदट झाली असती. त्याने ती मोकळी जागा पुढे आणली, दर्शनी भाग इंग्रजी यू अक्षरासारखा आत वळवला आणि मुख्य खोल्यांना थेट रस्त्याकडून उजेड दिला. मागच्या बाजूला शेजाऱ्याची हद्द, तिथे खिडक्या काढायची सोय नव्हती. मग जिन्यापाशी त्याने पोकळ काचेच्या षट्कोनी विटांची भिंतच रचली. उजेड येतो, पलीकडचं दिसत नाही. मला स्वतःला दर्शनी भागापेक्षा ही मागची भिंतच जास्त हुशार वाटते.

तळमजल्यावर पेरेचं ऑफिस होतं. १९०८-०९मध्ये तिथे एक तरुण काम शिकत होता, पुढे ल कॉर्ब्युझिए नावाने गाजलेला वास्तुविशारद. कॉलमांवर नुसते स्लॅब, भिंती हव्या तिथे, हीच कल्पना त्याने १९१४च्या आपल्या ‘डोम-इनो’ आराखड्यात मांडली.

राहिल्या टाइल्स. सिरॅमिक कारागीर अलेक्सांद्र बिगोच्या या टाइल्स जवळून पाहिल्या तर कळतं, की कॉलम-बीमवर त्या साध्या, सपाट आहेत आणि मधल्या भरावावर पानांची उठावदार नक्षी आहे. म्हणजे वजन कुठून खाली उतरतंय, हे झाकूनही दाखवलंय. पुढे १९३२च्या सुमारास रू रेनुआरवर स्वतःसाठी इमारत बांधताना मात्र पेरेने काँक्रीट उघडंच ठेवलं.