चवथ, नाताळ आणि घरच्या कुत्र्याचा खाऊ

चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) आणि नाताळचा कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ, शेजारच्या घरी पोहोचवण्याची रीत गोव्यात आजही पाळली जाते, त्यामुळे सणासुदीला बहुतेक घरांत गोडधोडाची रेलचेल असते आणि त्यातला घास दाराशी आशेने बसलेल्या कुत्र्याच्या तोंडी सहज जातो. देणाऱ्याच्या मनात मायाच असते. मात्र नेवरीच्या सारणातले बेदाणे आणि नाताळच्या केकमधला, रममध्ये भिजवलेला सुका मेवा कुत्र्याच्या शरीरात जे करतो, ते माणसाच्या शरीरात करत नाही. म्हणून दुकानातला कोणता खाऊ चांगला हे विचारण्याआधी आपल्या ताटातले काय द्यायचे नाही हे ठरवावे, असे मला आग्रहाने वाटते.

द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांना बाधतात हे पशुवैद्यांना बरीच वर्षे ठाऊक होते, पण त्यामागचे कारण उलगडत नव्हते, कारण एखादा कुत्रा मूठभर द्राक्षे खाऊन ठणठणीत राही, तर दुसऱ्याची मूत्रपिंडे थोड्याशा बेदाण्यांनी निकामी होत. २०२१ मध्ये अमेरिकेतील प्राण्यांच्या विषबाधेवर सल्ला देणाऱ्या केंद्रातील पशुवैद्यांनी एक महत्त्वाचा दुवा मांडला. मुलांना खेळण्यासाठी घरी केलेल्या मातीसारख्या गोळ्याचा फडशा पाडलेल्या कुत्र्यात त्यांना अगदी तशीच लक्षणे दिसली होती. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार होता, आणि हेच आम्ल द्राक्षांतही असते. द्राक्षाच्या वाणानुसार आणि पिकण्यानुसार त्याचे प्रमाण बदलत असल्याने ‘इतके चालतील’ असा सुरक्षित आकडा सांगता येत नाही. पुढे प्रयोगशाळेत केलेल्या अभ्यासात हे आम्ल कुत्र्याच्या मूत्रपिंडातील पेशींना घातक ठरले, माणसाच्या पेशींना मात्र नाही.

टार्टारिक आम्लाचा आपल्या स्वयंपाकघरातील खरा साठा म्हणजे चिंच. चिंच खाल्ल्यावर कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे चिंचेचा कोळ घातलेल्या हुमणाचा, म्हणजे माशांच्या आमटीचा, उरलेला भात कुत्र्याच्या थाळीत वाढू नये, मग तो त्याला कितीही आवडत असो. त्याच हुमणात किंवा शागुतीत (मसालेदार रश्श्यात) कांदा-लसूणही असतो. त्यांतील गंधकयुक्त घटक तांबड्या रक्तपेशींना इजा करतात, शिजवल्याने ते नाहीसे होत नाहीत आणि लक्षणे कधीकधी काही दिवसांनी दिसतात, तेव्हा कशाने झाले हे कुणाच्या लक्षातही येत नाही. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का इतका कांदा एका वेळी पोटात गेला, तर तो धोकादायक मानतात. १० किलोच्या कुत्र्यासाठी हे प्रमाण ५० ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा भरते.

वजनाचा हा हिशेब चॉकलेटलाही लागू आहे. त्यातील थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडते. दर किलो वजनामागे सुमारे २० मिलिग्रॅम पोटात गेले की अस्वस्थता आणि उलट्या सुरू होऊ शकतात. १० किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत गडद चॉकलेटचे साधारण ४० ग्रॅम तेवढ्यासाठी पुरतात, दुधाळ चॉकलेटचे १०० ग्रॅमच्या आसपास लागतात. काजूगर विषारी नाहीत, पण त्यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांश असतो. तूप आणि नारळाच्या रसाने समृद्ध असलेल्या बेबिंका-दोदोलप्रमाणेच त्यांनीही स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो.

खाऊ निर्धोक असला तरी त्याचे माप हवेच. दिवसभरातील कॅलरींपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांहून अधिक नसावा, असे पशुवैद्य सांगतात. नसबंदी झालेल्या १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ६३० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊसाठी उरतात जेमतेम ६३. पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) एक पावच शंभराच्या घरात जातो. कुत्र्याला पाव पचत नाही असे नव्हे. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती बऱ्याच जास्त असतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. प्रश्न पचनाचा नसून लठ्ठपणाचा आहे. सकाळच्या चहाबरोबर घरातील प्रत्येकाने दिलेला एकेक तुकडा मोजला, तर बेरीज पाहून बहुतेकांना धक्का बसेल.

माझी पसंती एकाच घटकाच्या खाऊला आहे: मीठ-मसाला न घालता उकडलेले चिकन किंवा काटे नीट काढलेला मासा, उकडलेला तांबडा भोपळा, काकडी, गाजर, बिया काढलेली पपई आणि कलिंगड. तुकडा नखाएवढा असला तरी कुत्रा तितकाच खूश होतो. आंब्याचा गर थोडा चालतो, पण बाठा आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते, तेव्हा मे महिन्यात केरबादली झाकून ठेवावी. शिजवलेली हाडे टोकदार तुकड्यांत मोडतात, ती देऊच नयेत. सुक्या मासळीतले मीठही त्याला जास्त होते.

चघळण्याच्या वस्तू विकत घेताना अंगठ्याचे नख त्यात दाबून पाहावे. खूर, शिंग किंवा हाडासारख्या वस्तूवर नखाची खूण उमटत नसेल, तर ती दाढ फोडण्याइतकी कठीण असते. पाकिटावरील घटकांची यादीही वाचावी आणि हीच सवय साखररहित च्युइंगम व पीनट बटर यांनाही लावावी, कारण त्यांत साखरेऐवजी गोडीसाठी वापरले जाणारे झायलिटॉल असू शकते. आपल्याकडे ते लेबलवर कधी नावाने, तर कधी ९६७ या क्रमांकाने छापलेले असते. वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम झायलिटॉलही कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा सोडते आणि बऱ्याचदा तासाभराच्या आत रक्तातील साखर घसरते. मात्रा वाढली तर यकृतही निकामी होऊ शकते.

यांपैकी काही कुत्र्याने गिळल्याचे कळले, तर लक्षणांची वाट पाहू नये आणि मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा उपाय तर मुळीच करू नये, कारण त्या मिठानेच जीव धोक्यात येतो. दवाखान्यात उलटी काढण्याचा उपयोग मुख्यतः पहिल्या दोनेक तासांत होतो. म्हणून आधी फोन करून कुत्र्याचे वजन, पदार्थ, अंदाजे प्रमाण आणि वेळ सांगावी व रिकामे पाकीट सोबत घेऊन निघावे.