सांता आनाचे चर्च, तळावली

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यात, जुन्या गोव्याच्या दक्षिणेस असलेल्या तळावली गावातील कॅथलिक चर्च. मरियेची आई, म्हणजे येशूची आजी सांता आना, हिच्या नावाने ते ओळखले जाते. बांधकाम १६८१ मध्ये सुरू झाले आणि १६९५ मध्ये पुरे झाले.

गाव लहान, पण चर्चचा दर्शनी भाग पाच मजली आणि दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे. एवढी भव्यता इथे कशी आली, हे समजायला जुन्या गोव्यातले ऑगस्टिनियन पंथाचे चर्च आठवावे लागते. त्याच्याच धर्तीवर तळावलीची ही दर्शनी भिंत उभारली गेली. १८३५ मध्ये त्या संन्याशांना गोवा सोडावा लागला, १८४२ मध्ये त्यांच्या चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये तिथली दर्शनी भिंतही पडली. आता तिथे सुमारे ४६ मीटर उंचीचा जांभ्याचा एकच मनोरा भग्नावस्थेत उभा आहे. तो पाहून मग तळावलीला यावे; जे तिथे हरवले, त्याची कल्पना इथे येते.

तरीही ही नुसती नक्कल नव्हे. रचना युरोपातल्या बरोक या भव्य, अलंकृत शैलीची असली तरी बांधणी जांभा दगड आणि चुन्याची आहे, आणि शिंपल्याच्या आकाराच्या कोनाड्यांनी, चुन्याच्या नक्षीकामाने तिला वेगळेच रूप दिले आहे. वास्तूचे अभ्यासक गोव्याच्या स्वतःच्या चर्चशैलीचा उत्तम नमुना म्हणून हिच्याकडे बोट दाखवतात, ते योग्यच आहे. जांभा सच्छिद्र असतो; चुन्याचा गिलावा सुटला की गोव्याचा पाऊस थेट दगडात मुरतो. म्हणून इथे गिलावा हा शोभेचा नव्हे, तर जीव राखणारा भाग आहे.

जुलैअखेरीस इथे ‘तवशांचें फेस्त’ भरते. तवसे म्हणजे पावसाळी काकडी. आनाला उतारवयात मूल झाले अशी श्रद्धा असल्याने अपत्यासाठी जोडपी तिला तवसे वाहून नवस बोलतात. नवसाचे बोल यमकात असतात: ‘पेपीनु’ घे, ‘मेनीनु’ दे, म्हणजे काकडी घे, बाळ दे. लग्नाळू मुली उडीद वाहून ‘मारीदु’ म्हणजे नवरा मागतात, तर मुलगे ‘कुल्येर’ म्हणजे चमचा ठेवून ‘मुल्येर’, बायको.