नाट्यपद-ध्वनिमुद्रण, अभिनेत्रींचे (नाशिकच्या संदर्भात)

संगीत नाटकांतील पदे रंगभूमीवरील किंवा दूरचित्रवाणी मालिकांतील अभिनेत्रीने आपल्या आवाजात संचरूपाने (अल्बम) ध्वनिमुद्रित करण्याची प्रथा. तबकडी, कॅसेट, सीडी आणि आता मोबाइल अशी साधने बदलली, तरी पदांचा साठा बराचसा तोच राहिला. या प्रथेशी नाशिकचा संबंध येतो तो मुख्यतः पदांच्या लेखनामुळे. वि. वा. शिरवाडकर (कुसुमाग्रज) आणि वसंत कानेटकर या दोन्ही नाटककारांची कर्मभूमी नाशिक होती.

भारतात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत मराठी नाट्यपदे तबकड्यांवर आली. मात्र स्त्रीभूमिका तेव्हा बहुतांशी पुरुषच करीत. त्यामुळे स्त्रीच्या आवाजातले नाट्यपद आरंभी ऐकू आले ते बैठकीत गाणाऱ्या गायिकांकडून. अभिनेत्रीचे ध्वनिमुद्रण नेमके कोणापासून धरावे, याबद्दल मतभेद संभवतात. हिराबाई बडोदेकर यांच्यापासून धरावे, असे एक मत. त्या १९२९ च्या सुमारास रंगमंचावर आल्या; पण त्या मुळात ख्यालगायिका, भूमिका नंतरची. दुसरे मत ज्योत्स्ना भोळे यांच्या बाजूचे आहे. ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) आणि ‘कुलवधू’ (१९४२) या नाटकांत त्यांचे गाणे पात्राच्या बोलण्यातून निघते. ‘बोला अमृत बोला’ ही मास्टर कृष्णरावांची भैरवी मैफलीत कितीही रंगली, तरी तिची जागा प्रसंगातच आहे. नटी आणि गायिका यांतला फरक लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

  

तबकडीने पदाचे रूप बदलले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटे बसत. रंगमंचावर तेच पद ‘वन्स मोअर’ घेत पाव तास चाले. म्हणून मुखडा, एखादा अंतरा आणि मोजक्या ताना एवढेच तबकडीवर उरले. पुढच्या पिढीने चाली तबकड्यांवरूनच उचलल्या आणि हे आखूड रूपच मूळ मानले गेले. आजच्या संचातही पद चार-पाच मिनिटांत आटोपते ते याच सवयीने, साधनाची अडचण आता राहिलेली नसली तरी.

पट्टीचा, म्हणजे गायनाचा आधारस्वर (षड्ज, ‘सा’) पेटीच्या कोणत्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर धरावा याचा, प्रश्न अधिक नाजूक आहे. पुरुष गायक बहुधा काळी एक-दोनमध्ये गातात, स्त्रिया पांढरी पाच ते काळी पाचमध्ये. षड्ज काळी एकवरून काळी चारवर नेला, तर अंतर पंचमाचे (सा ते प एवढे) पडते. तबला नुसता चढवून भागत नाही, दुसरा घ्यावा लागतो. रियाज कमी असलेली अभिनेत्री पट्टी उतरवून घेते, पण मग मंद्रातले (खालच्या सप्तकातले) शब्द पोकळ वाजतात. शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’मधील (१९६६) ‘हे सुरांनो, चंद्र व्हा’ हे याचे ठळक उदाहरण. पदातली बोलणारी व्यक्ती स्त्री आहे, तरी कानांत बसला आहे तो गायक-संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांचा आवाज. चारुकेशी रागातला शुद्ध गंधार आणि उत्तरांगातले (सप्तकाच्या वरच्या अर्ध्यातले) कोमल धैवत-निषाद त्या आवाजाच्या वजनासकट ऐकायची श्रोत्यांना सवय झाली आहे. अभिनेत्रीने ते गायिले की पद खरे तर पात्राकडे परत जाते. तुलना मात्र अभिषेकींशीच होते.

साथीचा भागही लक्षात घ्यावा. पायपेटीची जागा आता की-बोर्डने घेतली आहे आणि ठेका अनेकदा आधी मुद्रित केलेला असतो. शब्दावर रेंगाळून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येण्याची नटीची मुभा त्यात आक्रसते.

कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ (१९६४) या प्रथेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. पदे त्यांचीच, संगीत अभिषेकींचे, निर्मिती गोवा हिंदु असोसिएशनची. सत्यवतीच्या भूमिकेत आशालता वाबगावकर होत्या. ‘गर्द सभोवती रान साजणी’ आणि ‘अर्थशून्य भासे मज हा’ ही पदे त्यांच्याच आवाजात मुद्रित झाली. ही पदे आटोपशीर, शब्दप्रधान, तानांचा भार नसलेली आहेत. गंधर्वकालीन पदांना लागते तेवढी तयारी नसलेल्या, परंतु सुरेल आणि शब्दाची जाण असलेल्या अभिनेत्रीला ती पेलतात. आजचा अल्बम शक्य झाला तो या वळणामुळे, असे म्हणावयास जागा आहे. वाबगावकर पुढे चित्रपट व मालिकांत परिचित झाल्या. आत्मपर पुस्तकाला त्यांनी ‘गर्द सभोवती’ हेच नाव दिले. शिरवाडकरांच्या ‘वीज म्हणाली धरतीला’मधील ‘चार होत्या पक्षिणी त्या’ हे अभिनेत्री-गायिका फैयाज यांनी गायिलेले पदही याच वर्गातले.

हक्कांच्या दृष्टीने जुनी आणि नवी पदे वेगळी पडतात. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार साहित्यकृतीवरील स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. किर्लोस्कर, देवल आणि खाडिलकर (मृत्यू १९४८) यांची पदे मोकळी आहेत. शिरवाडकरांची (मृत्यू १९९९) २०५९ अखेर आणि कानेटकरांची (मृत्यू २००० ) २०६० अखेर मोकळी होतील. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे पूर्वी मुद्रित झालेल्या पदाची नवी आवृत्ती मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षांनी काढता येते. त्यासाठी आगाऊ सूचना आणि स्वामित्वधन द्यावे लागते.

नाशिक शहरात नाट्यगीतांच्या कार्यक्रमांसाठी महापालिकेचे महाकवी कालिदास कलामंदिर आणि सार्वजनिक वाचनालयाचे (स्थापना १८४०) परशुराम साईखेडकर नाट्यगृह ही सभागृहे आहेत.