वडीतलं तेल आणि वेष्टनावरचा शब्द : ‘टॉयलेट सोप’ आणि ‘बेदिंग बार’ यांची पार्श्वभूमी

२२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाच्या वडीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बातम्यांमध्ये सरसकट ‘साबण स्वस्त’ असं छापून आलं. सरकारी यादीतला शब्द मात्र ‘टॉयलेट सोप’ होता. किराणा दुकानाच्या फळीवरच्या वड्या उलटून पाहिल्या, तर कित्येकांवर हा शब्द सापडत नाही. तिथे बारीक अक्षरांत ‘बेदिंग बार’ लिहिलेलं असतं. बोलताना आपण दोन्हीला साबणच म्हणतो. वडीच्या आत मात्र बराच फरक असतो आणि तो कसा पडत गेला, हे सांगणं हा या टिपणाचा हेतू आहे.

तेल किंवा चरबी आणि क्षार यांचा साबण होतो, ही कृती फार जुनी. आपल्याकडे रिठा, शिकेकाई आणि डाळीचं पीठ यांवर काम भागत असल्याने ती घराघरांत रुजली नाही. कारखान्यातला साबण शक्य झाला तो युरोपात मिठापासून सोडा करण्याची रीत सापडल्यावर. फ्रान्समध्ये १७९१ साली तिचं पेटंट निघालं, आणि १८६० च्या दशकात बेल्जियममध्ये तिच्याहून स्वस्त रीत आली. दरम्यान, चरबी म्हणजे स्निग्ध आम्लं आणि ग्लिसरीन यांचं संयुग आहे, हे १८२३ पर्यंत पक्कं झालं होतं. त्यानंतर साबण करणं अंदाजाचं राहिलं नाही, हिशेबाचं झालं. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात इंग्लंडहून साबणाच्या पेट्या उतरल्या आणि भारताची मोठी बाजारपेठ खुली झाली.

इथून पुढचा सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो : वडीसाठी तेल कुठून आणायचं?

चांगल्या वडीला दोन तऱ्हेचं तेल लागतं. चरबी किंवा पामतेल यांतली लांब साखळीची आम्लं वडीला टणकपणा देतात. खोबरेल किंवा पाम कर्नल तेलातली आखूड साखळीची आम्लं फेस देतात. साधारण ऐंशीला वीस हे कारखान्यांतलं जुनं प्रमाण. युरोप-अमेरिकेत टणकपणासाठी गुराची चरबी मुबलक होती. आपल्याकडे तिला धर्माचा आणि मनाचाही अडसर होता. मुंबईत १९१८ च्या सुमारास प्राण्यांची चरबी अजिबात न घालता केवळ वनस्पती तेलांचा साबण बाजारात आला आणि स्वदेशीच्या वाऱ्यात लोकांनी तो उचलून धरला. १९३० च्या दशकात शिवडीला वनस्पती तुपाचा आणि पाठोपाठ साबणाचा कारखाना उभा राहिला. दोन्ही शेजारी असणं हा योगायोग नव्हता. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन भरून ते घट्ट करायचं, या १९०२ च्या जर्मन पेटंटवर दोन्ही कारखान्यांचं काम चालत होतं.

तरीही पुढे कित्येक वर्षं आयात केलेली चरबी भारतीय साबणात जातच होती. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं उघड झालं, देशभर संताप उसळला आणि सरकारने चरबीची आयात बंद केली. तो वाद खाण्याच्या तुपाचा होता. त्याची झळ साबणाच्या कढईलाही लागली, आणि माझ्या मते आपल्या साबणाच्या रसायनशास्त्राला सगळ्यात मोठं वळण इथे मिळालं. खाद्यतेल देशाला पुरत नव्हतं, त्यामुळे ते साबणात घालणं धोरणाला मान्य नव्हतं, आणि चरबी तर बंदच झाली. उरली ती ‘गौण’ तेलं : कडुनिंब, करंज, मोह, साल, एरंड आणि तांदळाच्या कोंड्याचं तेल.

या तेलांवरचं काम मुंबईत अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच चालू होतं. त्याची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही आणि त्याची खंत वाटते. कडुनिंबाचं तेल कडवट, गडद आणि उग्र वासाचं असतं. करंजाची तीच गत. तशाच तेलाचा साबण केला तर तो तपकिरी होतो, वास मारतो आणि ठेवून ठेवून खवट होतो. मग तेल धुऊन रंग काढायचा, हायड्रोजन भरून घट्ट करायचं किंवा सरळ फोडायचं. उंच मनोऱ्यात वरून पाणी आणि खालून तेल सोडून, सुमारे २५० अंश तापमान आणि प्रचंड दाब दिला की तेल फुटून स्निग्ध आम्लं वेगळी होतात. निर्वातात ती ऊर्ध्वपातित केली की रंग आणि वास मागे राहतो आणि हाती पांढरंशुभ्र आम्ल येतं. ते कुठल्या बियांतून आलं हे मग नाकाला ओळखता येत नाही.

कोंड्याच्या तेलाचं उदाहरण तर अगदी नेमकं आहे. गिरणीत तांदूळ सडून पांढरा केला की कोंड्यातलं लायपेज नावाचं विकर लगेच जागं होतं आणि तेल फोडू लागतं. गिरणीच्या आवारात कोंडा काही दिवस पडून राहिला, की त्यातलं तेल खाण्याजोगं राहत नाही, कारण त्याची आम्लता चढलेली असते. साबणवाल्याला मात्र तेल फोडायचंच असतं. विकराने त्याचं निम्मं काम आधीच करून ठेवलेलं असतं. आधी गुरांपुढे जाणाऱ्या कोंड्यातून अंगाचा साबण निघू लागला तो असा.

याच काळात कपडे धुण्याच्या साबणाची गोष्ट वेगळ्याच वाटेने गेली. ती थोडक्यात सांगतो, कारण पुढे तिचा संबंध येतो. १९५९ च्या सुमारास भारतात डिटर्जंट पावडर आली. ती उंच मनोऱ्यात गरम हवेच्या झोतात वाळवलेली, पोकळ दाण्यांची आणि महाग होती. १९६९ मध्ये अहमदाबादेत सरकारी नोकरीतल्या एका रसायनतज्ज्ञाने घरामागे कालवलेली पिवळी पावडर सायकलवरून विकायला सुरुवात केली, मोठ्या कंपनीच्या पावडरीच्या एक तृतीयांशाहूनही कमी किमतीत. त्या पद्धतीला मनोरा लागत नाही. फरशीवर धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा अ‍ॅश पसरायची, वर काकवीसारखी दाट, तपकिरी, मळ काढणारी अ‍ॅसिड स्लरी ओतायची आणि फावड्याने कालवायचं. स्लरी आणि सोडा भेटले की ढीग फसफसतो आणि चांगलाच तापतो. मुरू दिला की तो कोरडा होतो, मग चाळून पिशव्या भरायच्या. महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींमध्येही याच रीतीने चालणारे छोटे कारखाने पुढे उभे राहिले. स्लरी ज्यापासून होते ते अल्किल बेंझीन रॉकेलमधून काढतात; १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ते आधी बडोद्याकडे आणि नंतर रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला तयार होऊ लागलं. कूपनलिकेच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होतो, डिटर्जंटचा होत नाही. त्यामुळे गावोगावी धुण्याच्या साबणाची पीछेहाट झाली. तेलाचा थेंबही नसलेला पदार्थ मळ काढतो, हे एकदा घराघरांत पटल्यावर अंगाच्या वडीत तेल किती हवं हा प्रश्नही कारखान्यांत वेगळ्या तऱ्हेने विचारला जाऊ लागला.

मोजमाप इथेच येतं. वडीतल्या स्निग्ध आम्लांच्या एकूण वाट्याला टीएफएम (टोटल फॅटी मॅटर) म्हणतात. तो शंभर टक्के कधीच असू शकत नाही. अगदी कोरड्या, शुद्ध साबणातही तो सुमारे ९२ टक्के भरतो, कारण उरलेलं वजन मुख्यतः सोडियमचं. वडी भंगू नये म्हणून बारा-तेरा टक्के पाणी ठेवावंच लागतं, म्हणजे आकडा ऐंशीच्या आसपास येतो. भारतीय मानकाने टॉयलेट सोपचे तीन ग्रेड केले : पहिल्यात किमान ७६ टक्के टीएफएम, दुसऱ्यात ७० आणि तिसऱ्यात ६०. हे गणित ध्यानात घेतलं की ७६ या आकड्याचा अर्थ लागतो. त्या वडीत साबण, पाणी, सुगंध आणि रंग यांपलीकडे काही घालायला जागाच उरत नाही. आकडा साठवर उतरला की जागा होते. संगजिऱ्याची पूड, चिनी माती, स्टार्च आणि जास्तीचं पाणी त्या जागेत येतं.

जास्तीचं पाणी वडीत धरून ठेवणं ही सोपी गोष्ट नाही. नुसतं पाणी वाढवलं तर वडी लिबलिबीत होते, साच्यात चिकटते आणि न्हाणीघरात दोन दिवसांत तिचा गाळ होतो. त्यावर शोधलेला उपाय असा : सोडियम सिलिकेट आणि अ‍ॅल्युमिनियमचं संयुग यांची अभिक्रिया साबणाच्या गरम लगद्यातच घडवायची. त्यातून अतिसूक्ष्म कणांचं जेल तयार होतं, ते स्पंजसारखं पाणी धरतं आणि स्फटिकांच्या सांगाड्यात बसून वडीला कणखर ठेवतं. मग या लगद्याच्या शेवया (नूडल्स) रोलरमधून दळल्या जातात, प्लॉडर नावाच्या दाबयंत्रातून लांब पट्टी बाहेर येते, तिचे तुकडे होतात आणि ठसा बसतो. हातात घेतल्यावर ती पूर्ण तेलाच्या वडीसारखीच लागते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही खरी करामत आहे आणि तिची पेटंटंही निघाली. ती भेसळ आहे, असं मी म्हणणार नाही. भेसळ लपवलेली असते. इथे प्रश्न वेष्टनावर काय लिहायचं याचा आहे.

तिथेच वादग्रस्त निर्णय आला. १९९० च्या दशकात ‘बेदिंग बार’ नावाचं स्वतंत्र मानक ठरलं आणि त्यात टीएफएमची किमान मर्यादा ४० टक्के ठेवली गेली. उद्योगाची बाजू पोकळ नव्हती. देश खाद्यतेल आयात करत होता, गरीब घरात वडी दोन-चार रुपयांत पोचायला हवी होती, आणि कमी तेलाची वडीही अंग स्वच्छ करतेच. मोठी अडचण शब्दाची झाली. टॉयलेट सोप नसलेल्या अंगाच्या वडीला एकच नाव मिळालं आणि त्या नावाखाली दोन अगदी निराळे पदार्थ एकत्र बसले.

पहिला म्हणजे वर सांगितलेली कमी तेलाची, भर घातलेली स्वस्त वडी. दुसरा पदार्थ अमेरिकेतून आला. तिथे १९५० च्या दशकात खोबरेलाची आम्लं आणि आयसेथायोनेट नावाचं रसायन यांच्यापासून एक सौम्य फेसकारक करून त्याची वडी बाजारात आली. साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-क्षारतेचं माप) साडेनऊ-दहाच्या घरात असतो आणि त्वचेचा साडेपाचच्या आसपास. या वडीचा सामू सातच्या जवळपास राहतो. कोरड्या, खाजऱ्या त्वचेवर डॉक्टर अशीच वडी लिहून देतात. तिच्यातला मुख्य घटक साबण नसल्याने तिला टॉयलेट सोप म्हणता येत नाही, म्हणून आपल्याकडे तीही ‘बेदिंग बार’. तिला टीएफएमची मोजपट्टी लावणंच चुकीचं आहे.

म्हणजे मानकाने ज्याला एक नाव दिलं त्यात सगळ्यात महाग आणि सौम्य वडीही आहे आणि सगळ्यात स्वस्त वडीही. ग्राहक संघटनांनी वेळोवेळी टीएफएमच्या तुलना छापल्या आणि लोकांना सावध केलं, हे काम मोलाचं होतं. पण त्यातून ‘बेदिंग बार म्हणजे हलका माल’ असा सरसकट समज पसरला. ज्याला खरोखर सौम्य वडीची गरज आहे, असा माणूसही ग्रेड १ शोधत फिरू लागला. ग्रेड १ चा क्षारयुक्त साबण त्याच्या त्वचेला जास्त कोरडं करतो. दोन वेगळी नावं ठेवली असती तर हा घोळ टळला असता. भर घातलेल्या साबणाला एक आणि कृत्रिम फेसकारकाच्या वडीला दुसरं, एवढंच लागत होतं.

कायद्यातही ‘साबण’ हा शब्द असाच सरकत गेला आहे. सौंदर्यप्रसाधनाच्या कायदेशीर व्याख्येतून साबण आधी स्पष्टपणे वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ते वगळणं काढून टाकलं. वेष्टनावरच्या वजनाचीही गोष्ट पाहण्यासारखी आहे. साबणावर ‘पॅक करतेवेळी निव्वळ वजन’ असं छापायला नियमांत मुभा आहे, कारण पाणी उडून वडी हलकी होते. वेष्टन काढलेली वडी कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवायची सवय आपल्याकडे अनेक घरांत आहे. काही महिन्यांनी ती हलकी, टणक आणि कडांना चिरलेली निघते. जे कमी झालं ते बहुतांशी पाणीच.

गेल्या काही वर्षांत या सगळ्याला पामतेलाने पुन्हा धार आणली. गौण तेलांचं महत्त्व आयात खुली झाल्यावर ओसरलं होतं आणि भारतीय वडी मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियाच्या पामवर उभी राहिली होती. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने निर्यात थांबवली आणि २३ मे रोजी ती पुन्हा सुरू केली. साडेतीन आठवड्यांचाच प्रकार, पण साबणाच्या हिशेबात तो मोठा धक्का होता. त्या सुमारास किमती तशाच ठेवून वडीचं वजन कमी करण्याचा जुना उपाय पुन्हा दिसला. पाठोपाठ एका मोठ्या उत्पादकाने पामचा वापर सुमारे एक चतुर्थांशाने घटवणारी नवी घडण जाहीर केली. तेल कमी, वडी तितकीच कणखर आणि फेसही तोच, असा तिचा दावा. अंधेरीत जे काम बिगरखाद्य तेलांपासून सुरू झालं होतं, ते आता तेलाशिवाय किती भागेल इथपर्यंत आलं आहे.

वाणसामानाच्या यादीत आजही एकच शब्द असतो, ‘अंगाचा साबण’. दुकानदार फळीवरून दोन वड्या काढून पुढे ठेवतो, एक दहा रुपयांची, एक साठ रुपयांची. दोन्ही उलटून पाहिल्या तर मागे एकच नाव छापलेलं असू शकतं : ‘बेदिंग बार’.